बाबांच्या पाठीची खुर्ची

लेक आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायची. तिने बाबांची वाकलेली पाठ मोबाइलवर स्कॅन केली, वर्कशॉपमध्ये उरलेलं प्लायवूड कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर कापलं आणि त्या पाठीला अगदी चपखल बसेल अशी खुर्ची केली. बाबा टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, "किती वर्षांनी पाठ टेकली गं!"

तिने ती कॉलेजात पर्यावरणपूरक खुर्ची म्हणून दाखवली, तेव्हा तिथल्या एका सरांनी मात्र नाक मुरडलं. "एकाच माणसाला बसणारी वस्तू कसली पर्यावरणपूरक? त्यांच्यानंतर काय?"

"म्हणून तर कुठेही गोंद लावला नाही," ती म्हणाली. "स्क्रू काढले की सगळं प्लाय पुन्हा वापरात."

बाबा गेले. खुर्चीत दुसरं कुणीही बसलं की तिचा खोलगटपणा नको तिथे टोचायचा. शेवटी एका रविवारी लेक स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी आली.

आई खुर्चीसमोर स्टुलावर बसली होती. शेजारी वाटीत तेल होतं आणि खुर्चीच्या पाठीवर, डाव्या खोलगट भागात, तिचा तळवा हळूहळू गोल फिरत होता.

"अगं आई, लाकडाला हे तेल नाही चालत, डाग पडतात. आणि ते कोमट कशाला केलंस?"

आईचा हात थांबला नाही.



"लाकडाला कोण लावतंय? इथंच ठणकायचं त्यांना."