पास्टरांच्या दारात

"हॅलोवीन म्हणजे सैतानाचे लाड!" असं पास्टरांनी रविवारी चर्चमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. आणि आज संध्याकाळी त्यांच्याच दारात बायकोने चॉकलेटांनी भरलेला वाडगा आणून ठेवला.

"माझ्या घरात भुतांचा पाहुणचार? लाज कशी वाटत नाही तुला?"

"भुतांची सोंगं घेऊन खाऊ मागायला येणारी लेकरं आहेत ती. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून आठ वर्षांपूर्वी पोटच्या मुलीला हाकलून दिलंत. तेव्हापासून या घरात हसण्याचा आवाज नाही. आजचा दिवस तरी तोंड आवरा."

"तिचा विषय काढायचा नाही!" पास्टर कडाडले. पण बेल वाजली तेव्हा वाडगा घेऊन तेच उठले. दातओठ खात त्यांनी एका हाडांच्या सापळ्याला आणि दोन भुतांना चॉकलेटं दिली आणि "रविवारी तोंड धुऊन चर्चला या," असा दमही भरला. सापळा घाबरून "हो सर" म्हणाला, तेव्हा मात्र त्यांना हसू आवरेना.

मग एक चिमुकली चेटकीण एकटीच आली, मुखवटा दोन्ही हातांनी गच्च धरून. फाटकाबाहेर तिची आई पाठमोरी उभी होती. पास्टरांनी पोरीच्या गळ्यातल्या पिशवीत मूठभर चॉकलेटं टाकली.

"कुणाची गं तू? नाव काय तुझं?"

तिने जोरात मान हलवली.

"अगं, नाव सांगायला काय होतं?"

 

"आई म्हणाली, नाव सांगितलं की आजोबा दार लावून घेतात."