सात नंबर
लेकीने वर्षभर खपून हातभर लांबीचं मॉडेल जोडलं होतं, हुबेहूब बाबांच्या जुन्या रेसकारसारखं. सीटबेल्टसुद्धा चिमट्याने ओवले होते. दारावर सातचा आकडा तेवढा राहिला होता. पाण्यात भिजवलेला तो पातळ स्टिकर एकच होता, सुकायच्या आत बसवायचा होता. “तू तरी सरळ लाव बाई,” आई म्हणाली. खऱ्या गाडीवर आईनेच तो घाईत वाकडा चिकटवला होता आणि बाबांनी जन्मभर चारचौघांत तिची फिरकी घेतली. अर्धांगवायूने वाचा गेल्यापासून तेही बंद होतं. लेकीने श्वास रोखून आकडा सरळ बसवला. तेवढ्यात बाबांचं थरथरतं बोट पुढे आलं. जरासा हिसका, आणि स्टिकर फाटला असता. आई अडवायला उठली. लेकीने तिलाच अडवलं. बोटाने आकडा अलगद वाकडा केला. “झालं? हसा आता मला,” आई पुटपुटली. बाबांचं अर्धं तोंड हसलं.