चोवीस नंबरची वाट

पडद्यावरच्या नकाशातली लाल रेघ खाडीच्या तोंडाशी आली, तिथे जराही न रेंगाळता बाहेर पडली आणि थेट खोल समुद्रात निघून गेली. पोर्ट कॅरोच्या फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये साठेक मच्छीमार बसले होते. एकाच्याही तोंडून शब्द निघेना.

टेगनला ही शांतता फार गोड वाटली. सीलचा अभ्यास करायला ती आपल्याच गावी परतली, तेव्हापासून तीन वर्षं तिने या माणसांची बोलणी खाल्ली होती. जाळं फाटलं, ते सीलने फाडलं. मासे लहान निघाले, कारण मोठे सीलने खाल्ले. गेल्या वर्षी एकाची बोट खडकावर चढली, तर त्याचंही खापर सीलवरच फुटलं. ऐन वळणावर एक सील आपल्याकडे रोखून बघत होती म्हणे. आता गावाला सील मारायचा परवाना हवा होता. अर्जावर पहिली सही मच्छीमार संघाच्या अध्यक्षाची, म्हणजे टेगनच्या सख्ख्या मामाची, क्लेम ट्रेझाइझची होती.

परवान्याचा निर्णय ज्याच्या हाती होता तो राजधानी होबार्टहून आलेला सरकारी अधिकारी पहिल्या रांगेत होता. टेगन त्याच्याकडे बघूनच बोलत होती. चोवीस नंबरच्या मादीच्या पाठीवरच्या केसांना तिने एक छोटं यंत्र चिकटवलं होतं, ही लाल रेघ त्याचीच. ही मादी पिल्लाला खडकावर ठेवून निघते आणि खाडीत तोंडही न घालता तीस मैल पोहत जाते. तिथे सरळ तळाला बुडी मारते, सत्तर मीटर. तीन मिनिटं श्वास धरून मिशांनी तळ चाचपते, वर येऊन जेमतेम दम खाते आणि पुन्हा खाली. दिवसाला दीडशे बुड्या. पाचव्या दिवशी परत येऊन पिल्लाला पाजते, की पुन्हा तीच वाट. उन्हाळा असो की हिवाळा, जागा बदलत नाही.

"एवढ्या लांब कशाला जाते?" अधिकाऱ्याने विचारलं.

"खाडीत काही उरलंच नाही म्हणून," टेगन म्हणाली. "आणि ते तिने संपवलेलं नाही."

अधिकाऱ्याने फाइल मिटली. परवाना मिळणार नाही, असं त्याने उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

आता मामा भडकणार, अशी टेगनची खात्री होती. पण क्लेम शांतपणे उठला, चष्मा लावून नकाशापाशी आला आणि बराच वेळ बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, तिथला तळ वाळूचा आहे की खडकाचा. टेगनला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा मामा सीलबद्दल शिवी न घालता बोलत होता. तिने हातचं काही राखलं नाही. खडकाची लांब रांग, तिच्या कडेच्या वाळूत पसरलेले फ्लॅटहेड मासे, वर फिरणारे माकुलांचे, म्हणजे स्क्विडचे, थवे, भरतीच्या कोणत्या तासाला मादी सर्वांत जास्त बुड्या मारते, सगळं सांगितलं. मागे गर्दी जमली. लोक फोन काढून नकाशाचे फोटो घेऊ लागले. टेगनने नकाशा आणखी मोठा केला आणि मागच्यांना नीट दिसतंय ना, असं आपणहून विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धक्क्यावर गेली, तर एकही बोट जागेवर नव्हती.

पुढचे काही आठवडे गावात तिचा जो मान झाला तो विचारू नका. इतकी मासळी पोर्ट कॅरोने वीस वर्षांत पाहिली नव्हती. जे लोक तिला बघून रस्ता ओलांडायचे ते दारात फ्लॅटहेडची टोपली ठेवून जाऊ लागले. क्लबने तिला तहहयात सभासद करून घेतलं. आणि चोवीस नंबरची मादी पाचव्या दिवशी परत यायची ती आठव्या दिवशी येऊ लागली, मग अकराव्या. बुड्या दुपटीने वाढल्या, खडकावरच्या पिल्लाच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. टेगन दिवसभर त्याचं केकाटणं ऐकत बसायची आणि यंत्रावरचे आकडे वहीत उतरवायची. तिने होबार्टला फोन केला. अधिकारी म्हणाला, तिथे मासेमारीला बंदी नाही. शिवाय तुमच्या गावाची आता तक्रारच उरलेली नसल्यामुळे आम्ही ते प्रकरण बंद केलं आहे.

सातव्या आठवड्यात क्लेम स्वतः तिच्या घरी आला. हातात टाइप केलेला कागद होता. टेगनने वाचला. सील मारायच्या परवान्यासाठी नवा अर्ज होता.

"मामा, तू सगळं ऐकलंस ना त्या दिवशी?" ती म्हणाली. "ती खाडीत येत नाही."

"ऐकलं म्हणूनच तर खाडीचं नाव काढलं नाही, पोरी," क्लेम समजावणीच्या सुरात म्हणाला. "तीस मैलांवर आमची जी जागा आहे ना, तिथे येऊन चोरी करतात, एवढंच लिहिलंय. पुरावा म्हणून तुझा नकाशा जोडलाय."