नऊ नंबरचा प्लॉट

"या प्लॅनमध्ये पूर्वेला दार फक्त नऊ नंबरच्या प्लॉटवर येतं," सासरे म्हणाले. त्या दारासमोरचा रस्ता ओलांडला की उघडा कालवा. माझी ओवी नुकतीच चालायला लागली होती, दिसेल त्या पाण्याकडे धावायची.

"बाबा, कालव्याला कठडासुद्धा नाही," मी म्हटलं.

"तू घरीच असतेस, लक्ष ठेव की," नवरा हसला.

माझं डोकं सणकलं. स्टॅम्प ड्युटीत सूट मिळावी म्हणून खरेदी माझ्या नावाने होती. बिल्डरच्या माणसाने कागद पुढे केला. मी पेनाला टोपण लावलं.

"सही माझीच लागते ना? मग चौदा नंबर दाखवा, बागेजवळचा. दार पश्चिमेला असलं तरी चालेल, माझी पोर सुखरूप हवी."

सासरे नवऱ्याकडे बघत राहिले. त्या माणसाने मात्र नकाशा माझ्याकडे फिरवला.