दोघांत एक जागा

काचेपलीकडे नवरा साहेबांसमोर बसला होता, बाहेरच्या बाकाकडे पाठ करून. आतला शब्द बाहेर येत नव्हता. बाकावरून तिला नवऱ्याची पाठ दिसत होती आणि साहेबांचं तोंड. तिला तेवढं पुरेसं होतं.

बावीस वर्षं दोघांनी गिरणीत माग चालवले. त्या खडखडाटात शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नसे, म्हणून सगळे एकमेकांचे ओठ वाचत. भांडणं, चहाड्या, चेष्टा सगळं ओठांवर. त्यांचं लग्नही तसंच जुळलं होतं, चार माग मध्ये ठेवून. गिरणीला टाळं लागून आठ महिने झाले, पण ही विद्या काही टाळ्याआड गेली नव्हती.

या गोदामात आता एकच जागा उरली होती, आणि अर्ज दोघांचे. "कुणाचंही होवो," नवरा सकाळी कुलूप लावताना म्हणाला होता. "मी तुझी तारीफ करतो, तू माझी कर." ती हसली होती. त्याचे दोन्ही कान गिरणीने केव्हाच खाल्ले होते. तिने ते सासूलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

साहेबांचे ओठ हलले. "असं? दमा?"

ती बाकावर पुढे सरकली.

"कधीपासून?" साहेबांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंत. इथे खोक्यांची धूळ फार. बाईंना झेपायचं नाही."

तिला दमाबिमा काही नव्हता. थंडीत चार दिवस खोकला यायचा, तोही याच्या विडीने.

नवरा बाहेर आला. "तुझी फार तारीफ केली बघ!" तो सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं बोलला आणि सवयीने तिच्या ओठांकडे पाहत राहिला.

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली आणि आत गेली.

साहेब तसा भला माणूस. "बसा ताई. तुमच्या छातीचं कळलं. मिस्टर सरळ आहेत तुमचे, लपवलं नाही. त्यांनाच घेतोय. घरात पगार आला म्हणजे झालं, कुणाच्या का नावाने येईना."

खोटं नव्हतं ते. पगार घरातच येणार होता. गप्प उठायचं आणि बाहेर जायचं, एवढंच तिला करायचं होतं. ती अर्धी उठलीही.

"साहेब, इथे कान चांगले लागतात ना?"

"लागतात म्हणजे! मागून मालाच्या गाड्या येतात. हॉर्न ऐकला नाही तर माणूस गेलाच."

"मग त्यांना परत आत बोलवा. तोंडापुढे रुमाल धरा आणि काहीही विचारा."

"रुमाल कशाला?"

"धरा तर खरं."

ती बाहेर आली. नवऱ्याने भुवया उडवल्या. तिने आवाज न काढता, सावकाश, एकेका शब्दाला ओठ नीट उघडून सांगितलं, "तुमचं झालं. आत बोलावलंय."

त्याचा चेहरा उजळला. त्याने कॉलर सारखी केली, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू आता आराम कर," तो म्हणाला आणि आत गेला.

ती बाकावर बसली. काचेपलीकडे साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि शिंक येत असल्यासारखा तोंडापुढे धरला. रुमालाआडून त्यांनी काय विचारलं ते तिलाही कळलं नाही. नवऱ्याची मान तेवढी दिसत होती. ती हो, हो, हो म्हणत हलत होती.