उजवा कोपरा

खंडू गुडघ्यावर नी-कॅप चढवत होता, तेव्हा लाऊडस्पीकरवरून त्याचं नाव आलं. संघाच्या यादीत नाही, सत्काराच्या.

“सलग अठरा वर्षं ज्यांनी आपल्या मंडळाकडून चढाया केल्या, ते ज्येष्ठ कबड्डीपटू खंडूआप्पा यांना विनंती, त्यांनी व्यासपीठावर यावं.”

मैदानाच्या कडेला फक्कीच्या रेषेपाशी तो तसाच बसून राहिला. त्याला अडतिसावं चालू होतं. ज्येष्ठ हा शब्द त्याला आजवर कुणी लावला नव्हता.

मंडळाची ही रीत त्याला ठाऊक होती. तुला वगळलं, असं कुणाला तोंडावर सांगायचं नाही. अंतिम सामन्याआधी त्याच्या अंगावर शाल घालायची. शाल मिळालेला माणूस पुन्हा मैदानात उतरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मागच्या साली मारुतरावांना घातली, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या खंडूनंच वाजवल्या होत्या.

संघाचा मॅनेजर हौसराव लगबगीनं आला. एके काळी दोघं एकाच संघात खांद्याला खांदा लावून खेळले होते.

“ऊठ की. पाव्हणं खोळंबल्यात.”

“सातात माझ्या जागी कोण हाय?”

“सतीश.”

“मी पाळी बदलून आलोय, हौशा. रांजणगावला कंपनीत सुपरवायझरच्या पाया पडलोय त्यापायी.”

“तुला फेटा आणलाय शिरूरवरनं. चांगला जरीचा हाय. जरा हसत जा वर.”

“काल सांगायचं व्हतं.”

“काल सांगितलं असतं तर आला असतास का?”

खंडूनं नी-कॅप उतरवली. तो उठला.

व्यासपीठावर त्याला फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. पाहुण्यांनी फोटोसाठी त्याचा खांदा धरून ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघतच म्हणाले, “आता निवांत बसून बघायचं, आप्पा. हाडं मोडून घ्यायचं वय राहिलं का आपलं?” पाहुणे सत्तरीचे होते. खंडूला त्यांच्या शेजारची प्लास्टिकची खुर्ची मिळाली. शालीखाली चड्डी आणि उघडे गुडघे दिसत होते. ते त्यानं शालीनं झाकून घेतले.

सामना सुरू व्हायच्या आधी सतीश धावत वर आला आणि पाया पडला. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, अंगानं सडपातळ, पायात नुसतं वारं.

“रागावला न्हाई ना, आप्पा?”

“कशापायी रागवू?”

“दौंडवाल्यांचा उजवा कोपरा कसाय? म्या कवाच खेळलो न्हाई त्याच्यासंगं. हौसमामा म्हनले, आप्पालाच इचार.”

खंडूनं खाली मैदानाकडे पाहिलं. दौंडच्या संघाचा उजव्या कोपऱ्यातला गडी मनगटं चोळत उभा होता. गेल्या दोन वर्षांत त्यानं खंडूला तीनदा घोट्यात धरून आपटलं होतं. तिसऱ्या वेळी महिनाभर कामावर जाता आलं नव्हतं. त्याच्या बाजूला पाय टाकायचाच नाही, एवढं एकच त्याच्याशी खेळायचं गमक होतं, आणि ते खंडूला सोसून कळलं होतं.

“ढिला हाय,” खंडू म्हणाला. “बिनघोर जा अंगावर.”

“व्हय?”

“म्या सांगतोय न्हवं?”

पोरगा पुन्हा पाया पडून गेला.

मध्यंतराला मिनिटभर उरलं, तेव्हा गावचा संघ तीन गुणांनी मागे होता. तोवर मधूनच चढाया करणारा सतीश दम घेऊन निघाला तो थेट उजव्या कोपऱ्यावर. त्यानं पाय पुढं टाकला मात्र, कोपऱ्यानं घोटा धरला. तसे आणखी तिघं त्याच्यावर पडले. सतीश दिसेनासा झाला.

“गेला,” खंडू म्हणाला. पाहुण्यांनी सहानुभूतीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पण दम ऐकू येत होता. त्या ढिगाऱ्याखालून कबड्डी, कबड्डी चालूच होतं. मग ढिगारा इंचाइंचानं सरकायला लागला. सतीश कोपरांवर चौघांना ओढत होता. खंडू खुर्चीच्या कडेवर आला. दम तुटावा, असं त्याला वाटलं; त्यानं स्वतःचाही श्वास रोखून धरला होता. मध्यरेषेवर दोन बोटं टेकली आणि पंचांची शिट्टी वाजली.

चौघं बाद. लोक मैदानात घुसता घुसता राहिले.

“आन् मंडळी,” लाऊडस्पीकर ओरडला, “पोरगा चढाईला जाण्याआधी आपल्या गुरूला इचारून गेला व्हता! खंडूआप्पांसाठी एकदा जोरात!”

सगळं मैदान व्यासपीठाकडे वळलं. हौसरावही खालून दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. खंडूला उभं राहावं लागलं. त्यानं हात जोडले, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा.

मध्यंतराची शिट्टी झाली. सतीश लंगडत व्यासपीठाच्या पायऱ्या चढला. हनुवटी सोलून निघाली होती, तिला माती चिकटली होती. घोट्यावर पाच बोटांचे वळ उठले होते. टाळ्या आणखी वाढल्या. तो वाकला आणि त्यानं खंडूच्या दोन्ही पायांवर हात ठेवले.

“ढिला न्हवता, आप्पा,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

खंडूनं पाय मागे घ्यायला पाहिलं. पोरानं ते धरून ठेवले होते.

“आता डावा कसाय, त्ये सांगा.”