काळा पडलेला गुलाब

"यापुढे या घरात कॉम्प्युटरला फक्त तज्ज्ञ माणूसच हात लावील!" आप्पांनी जाहीर केलं. जाहीर करताना ते स्वतः पडद्याखालची बटणं एकामागून एक दाबत होते, आणि त्या भरात पडद्याचा मेनू चिनी भाषेत गेला.

प्रसंगच तसा होता. सात वर्षं कलमं करून, परागकण इकडचे तिकडे करून आप्पांनी अंगणात एक नवा गुलाब फुलवला होता. शेंदरी आणि लाल यांच्या मधला, कुणी न पाहिलेला रंग! पुष्पप्रदर्शनासाठी त्याचा फोटो, रंग हुबेहूब जुळवून, पाचच्या आत पाठवायचा होता. आणि सकाळपासून पडद्यावर तो गुलाब काळाठिक्कर दिसत होता. मागची पांढरी भिंत हिरवट निळी.

"मी बघू का, आप्पा?" सूनबाईनं विचारलं.

"तू तुझं टायपिंग कर." सूनबाई घरी बसून कॉम्प्युटरवर जे काही करायची, त्याला आप्पा टायपिंगच म्हणत. "एखादा तज्ज्ञ बोलाव."

तिनं निमूटपणे फोन केला, मंद गॅसवर दूध आटायला ठेवलं आणि लॅपटॉप काखोटीला मारून गच्चीवर निघून गेली.

साडेचारला तज्ज्ञ हजर. पन्नाशीचा, झुपकेदार मिश्यांचा गृहस्थ. त्यानं पडद्याकडे बघून "अरेरे" केलं.

"म्हणजे?" आप्पांचा जीव खालीवर झाला.

"म्हणजे मॅडमना विचारतो."

तो व्हरांड्यात जाऊन हळू आवाजात फोनवर बोलला आणि परत आला. "लाल रंग पडद्यापर्यंत पोचतच नाहीये, म्हणाल्या. केबलची पिन बघा."

पिन खरंच वाकली होती. त्यानं ती चिमट्यानं सरळ करून केबल घट्ट बसवली. गुलाब लाल झाला! आप्पांनी टाळी वाजवली. पण आता भिंतीला कावीळ झाली होती.

पुन्हा व्हरांडा.

"मॅडम विचारतायत, डोळ्यांना बरं वाटतं म्हणून कुणी रात्रीचा मोड लावून ठेवलाय का?"

"लावला असेल कुणीतरी," आप्पा पंख्याकडे बघत म्हणाले.

मोड बंद झाला. कावीळ उतरली, गुलाब मात्र अजून जांभळट होता. तिसऱ्या खेपेला तज्ज्ञ हसतच आत आला. "मेनू चिनी झालाय ना? खालून दुसरी ओळ, मधलं बटण. सगळे रंग मूळ जागी."

"त्यांना न बघता कसं कळलं हो?"

"मोठ्या आहेत त्या. आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय."

बटण दाबलं. आप्पा धावत अंगणातून खरा गुलाब घेऊन आले आणि पडद्याला लावून बघितला. कुठला खरा, कुठला फोटोतला, सांगता येईना. त्यांनी तज्ज्ञाला कडकडून मिठी मारली. मिश्यांना गुलाबाचे काटे लागले, पण तोही हसत होता.

फोटो जोडून झाला. अर्जात एकच रकाना उरला: फुलाचं नाव. सात वर्षं आप्पांनी तिथे स्वतःचं नाव मनात लिहून ठेवलं होतं.

"ते राहू द्या," ते एकदम म्हणाले. "तुमच्या मॅडमचं नाव देऊ. लावा फोन!"

"आता? त्यांना अवघडल्यासारखं..." तज्ज्ञ मिशी खाजवू लागला.

"लावा म्हणतो ना! पाचला सात मिनिटं आहेत. अहो, अशी बाई ज्या घरात असेल, त्या घरानं तिला डोक्यावर घेऊन नाचलं पाहिजे."

तज्ज्ञानं फोन लावून स्पीकर चालू केला. आप्पांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा खाकरला.

"नमस्कार, मॅडम! माझ्या गुलाबाला आपलं नाव द्यायची इच्छा आहे. पूर्ण नाव सांगता का?"

पलीकडून उत्तर आलं.

"सांगते की, आप्पा. पण मी अजून गच्चीवरच आहे. आधी तेवढा दुधाखालचा गॅस बंद करता का?"